खाडीची तब्येत चिखलाला विचारा

ओहोटी लागली की झुआरीच्या काठावरच्या बायका गुडघाभर पाण्यात उतरतात. हातांनी, पायांच्या बोटांनी चिखल चाचपायचा, कठीण काही लागले की वर काढायचे, पाण्यात खळबळून टोपलीत टाकायचे. तिसऱ्या, खुबे, मधूनच एखादे कालव. उत्तरेला मालवण-रत्नागिरीकडे गेले की नावे थोडी बदलतात, काम तेच राहते. या वर्षी माल कुठे आहे, तीन वर्षांपूर्वी भरलेली कुठली जागा आता नुसता रेंदा होऊन पडली आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. सरकारी कागदावर मात्र त्यांचे हे ज्ञान कुठेच उतरत नाही.

कागदावर उतरते ते पाणी. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी बाटली भरली जाते. प्रयोगशाळेत तिचा सामू मोजतात, विरघळलेला प्राणवायू मोजतात, बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा प्राणवायू मोजतात, विष्ठेतून आलेले जिवाणू मोजतात आणि तक्ता तयार होतो. या तक्त्यात चूक काही नाही. खाडीसाठी तो अपुरा आहे, इतकेच. त्यात चिखलाचा रकाना घालायला हवा होता तो कधीच, आणि अजूनही तो घातला जात नाही, ही खरी तक्रार आहे.

नदीचे पाणी एका दिशेने जाते. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. भरतीच्या माथ्यावर बाटली भरली तर तिच्यात अरबी समुद्र येतो. ओहोटीच्या शेवटी भरली तर गावाचे गटार येते. एखाद्या कारखान्याने रात्री दोन वाजता सोडलेले सांडपाणी सकाळी अकराच्या बाटलीत सापडेलच असे नाही, कारण मधल्या वेळात समुद्र येऊन गेलेला असतो. बाटली त्या घटकेपुरते खरे बोलते. तळाच्या चिखलात राहणारा किडा मात्र कुठे जात नाही. रात्री दोन वाजताही तो तिथेच असतो, आणि जे वरून येईल ते अंगावर घेतो.

या तळवासी जीवांना शास्त्रज्ञ ‘बेंथॉस’ म्हणतात. त्यात शिंपले, कालवे, गोगलगाई, खेकडे आले, कोळंबीचे चिमुकले भाऊबंद आले, आणि संख्येने बहुधा सगळ्यांवर मात करणारे पॉलिकीट आले. पॉलिकीट म्हणजे गांडुळाचे समुद्री नातलग, दोन्ही अंगांना राठ केसांच्या झुपक्यांची ओळ असलेले. कणा नसलेल्या जीवांचे हे गावच आहे. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुतला की वर उरतात ते मोठे तळवासी. त्यातून निसटतात ते सूत्रकृमींसारखे बारीक. चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये मोठ्यांचीच शिरगणती हजारांत जाते. खाडीचा काठ ओसाड वाटतो तो वरून पाहणाऱ्याला.

हे जीव तिथे काय करतात, हे खाडीकाठच्या कुणालाही सांगता येईल, फक्त उलट बाजूने. चिखलात पाय खोल गेला की खालून काळा थर वर येतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. बारीक गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपुरताच पोचतो; त्याखाली हायड्रोजन सल्फाइडचे राज्य. बिळे करणारे किडे आणि खेकडे या काळ्या थरात नळ्या खोदतात, आपल्या श्वासासाठी वरचे पाणी आत ओढतात आणि त्याबरोबर प्राणवायू खाली नेतात. बिळाच्या भिंतीला लागून मग वेगळे जिवाणू वाढतात. सांडपाण्यातून आलेल्या नायट्रोजनचा काही भाग निरुपद्रवी वायू होऊन हवेत परत जातो तो या जिवाणूंमुळे. डार्विनने आपले शेवटचे पुस्तक, १८८१ मध्ये, गांडुळांवर लिहिले आणि शेतातली माती कोण घडवते ते दाखवून दिले. खाडीच्या मातीत तेच काम पॉलिकीट करतात, पण शेतकऱ्याला गांडूळ ठाऊक असते तसे हे कुणाला ठाऊक नसतात. शिंपले आणि कालवे वरचे पाणी गाळतात. एक मोठे कालव अनुकूल परिस्थितीत तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून फिरवते. आणि बोय, लेप, कोळंबी, चिंबोरी यांच्या पोटात शेवटी जाते ते यांपैकीच कुणीतरी. बाजारातल्या माशाचा हिशेब मागे मागे नेला तर तो बऱ्याचदा या चिखलाशी येऊन थांबतो.

घाण वाढली की हे गाव कसे बदलते, याचे वर्णन १९७८ मध्ये पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोन संशोधकांनी केले. त्यासाठी कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी येत असलेल्या स्कॉटलंड आणि स्वीडनमधल्या सागरी खाड्या त्यांच्यासमोर होत्या. सेंद्रिय घाण थोडी वाढली तर सुरुवातीला जीव वाढतातही. खायला जास्त मिळते. ती आणखी वाढली की खोल बिळे करणारे, मोठे, सावकाश वाढणारे जीव आधी जातात. त्यांच्या जागी महिन्याभरात पिढी उरकणारे छोटे किडे येतात, आणि तेही प्रचंड संख्येने. शेवटच्या टप्प्यावर कुणीच उरत नाही, नुसता काळा गाळ. यातली मधली पायरी फसवी आहे. नुसती डोकी मोजणाऱ्याला तिथे भरभराट दिसेल. ‘कॅपिटेला’ नावाचा लालसर बारीक किडा जगभरच्या बंदरांत आणि गटारांच्या तोंडाशी असाच दाटीवाटीने सापडतो. म्हणून किती आहेत यापेक्षा कोण आहेत हा प्रश्न महत्त्वाचा. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांबद्दलही हे लक्षात ठेवलेले बरे. ही खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, ते योग्यच झाले. पण तिथे मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो आणि सांडपाण्याच्या खतावर शैवाल चांगले पोसते. गुलाबी थवा म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे.

चिखल बोलतो याचा पुरावा शोधायला स्कॉटलंडला जायचेही कारण नाही. गोव्यात मांडवी आणि झुआरी या दोन खाड्यांच्या तळाचा अभ्यास दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, १९७० च्या दशकातच हाती घेतला. संस्था १९६६ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे हे काम तिच्या उमेदीच्या काळातले. तेव्हा खनिज लोखंडाचा धंदा जोरात होता. उघड्या खाणींत एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. पावसाळ्यात हे ढिगारे धुपून ओहोळांतून नदीत येत. खनिज भरलेल्या बार्जेस याच नद्यांतून मुरगाव बंदराकडे जात, आणि भरणा होताना सांडलेली लाल भुकटीही पाण्यात पडे. परुळेकर, अन्सारी आणि इंगोले या एनआयओच्या शास्त्रज्ञांनी १९७२-७३ आणि १९८२-८३ या दहा वर्षांच्या अंतराने गोळा झालेल्या माहितीची तुलना करून १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे उत्पादन फार मोठ्या प्रमाणात घटले होते. कायमचे रहिवासी असलेले तळवासी जीव जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या जागी उरले होते ते थोड्याच जातींचे, काहीही सोसणारे, भटके पाहुणे.

येथे एक बारकावा आहे. खाणीची माती ही सांडपाण्यासारखी घाण नव्हे. तिचा बीओडीशी फारसा संबंध नाही, जिवाणूंशी तर नाहीच. ती नुसती तळावर बसते. शिंपल्याची श्वासनळी बुजते, कल्ल्यांवर राप बसतो, आणि नुकती तळाशी उतरलेली अळी, जिला टेकायला थोडी घट्ट, स्वच्छ जागा हवी असते, ती मऊ लाल लाद्यात गाडली जाते. बीओडी आणि जिवाणूंच्या रकान्यांत हे दिसण्याची शक्यता कमीच. ते दिसले चाळणीवर. आणि काठावरच्या बाईला ते चाळणीच्याही आधी टोपलीत दिसलेले असणार.

पुढे २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१५ च्या सुमारास पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खाणींवर पोट असलेल्या हजारो घरांचे हाल झाले, तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण खाडीच्या दृष्टीने पाहिले तर हा एक असा प्रयोग होता, जो कुठल्याही शास्त्रज्ञाला ठरवून करता आला नसता. दोन नद्यांवरचा भार एकदम बंद, मग चालू, मग बंद. तळवासी परतले का, कोण आधी परतले, किती वर्षांनी? जलगुणवत्तेच्या नेहमीच्या तक्त्यात दरवर्षी चिखलाची एक ओळ असती तर चिखलीच्या किंवा कुठ्ठाळीच्या ग्रामसभेतही याचे उत्तर वाचून दाखवता आले असते. चिखलीचे नाव मुद्दाम घेतले. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात, ते शिंपले जिवंतपणी चिखलीच्या उपसागरासारख्या मऊ तळावर पडून राहतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला संरक्षण दिले आहे. ज्या गाळावर ती राहते, त्याच्या प्रकृतीची नेमाने विचारपूस केल्याखेरीज त्या संरक्षणाला अर्थ किती?

असे सूचक जीव वापरण्याची पद्धत युरोपात आता कायद्यातच आहे. २००० सालच्या तिथल्या पाणी-धोरणाच्या कायद्याने खाडीची अवस्था ठरवताना तळवासी जीव पाहणे बंधनकारक केले. त्याच वर्षी स्पेनमधल्या बास्क प्रांतात आंखेल बोर्हा आणि सहकाऱ्यांनी ‘अँबी’ नावाचा निर्देशांक मांडला. जातींची वाटणी पाच गटांत: एका टोकाला घाण अजिबात न सोसणारे, दुसऱ्या टोकाला घाणीवर पोसणारे. कुठल्या गटाचे किती, यावरून आकडा निघतो. त्याच प्रांतातल्या बिल्बाओची खाडी पोलाद कारखाने आणि शहराच्या मैल्याने इतकी बिघडली होती की तिच्या आतल्या भागात तळाला जीवच नव्हते. सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली, २००१ मध्ये तिला जैविक प्रक्रियेची जोड मिळाली आणि तळवासी पायरीपायरीने परत येऊ लागले. पिअर्सन-रोझेनबर्गची शिडी उलटी चढावी तसे.

मात्र हा निर्देशांक जसाच्या तसा उचलून कोकणात लावला तर तो तोंडावर आपटेल. कारण पाऊस. मे महिन्यात मांडवीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट असते. जूनमध्ये मोसमी पाऊस कोसळतो आणि काही आठवड्यांत खाडीच्या मोठ्या भागातून खारटपणा पार धुऊन जातो. वर गढूळ पूर, खाली हलणारा तळ. किडे, शिंपल्यांची पिले, लहान खेकडे मोठ्या संख्येने मरतात किंवा वाहून जातात. ऑक्टोबरपासून समुद्राचे पाणी पुन्हा आत शिरते, अळ्या येतात, वस्ती नव्याने बसते. अशा नव्या वस्तीत पहिले मानकरी कोण? तेच छोटे, झटपट वाढणारे, सोसणारे किडे, जे घाणीतही पहिले असतात. म्हणजे सप्टेंबरात चाळणी लावली तर कोकणातली स्वच्छ खाडीही आजारी ठरेल. युरोपातही ही अडचण वेगळ्या रूपात आहे. एलियट आणि क्विंटिनो यांनी २००७ मध्ये तिला खाडीच्या गुणवत्तेचा विरोधाभास म्हटले: खाडी मुळातच कष्टाची जागा, त्यामुळे निरोगी खाडीचे जीवही प्रदूषित समुद्राच्या जीवांसारखे दिसतात. पण तिथे मोसमी पावसाइतका मोठा धक्का दरवर्षी ठरल्या वेळी बसत नाही.

ही अडचण खरी आहे, पण तिच्यातच आपल्याकडच्या तपासणीची युक्ती लपलेली आहे. दरवर्षी निसर्ग स्वतः पाटी पुसतो. मग पाटीवर पुन्हा काय लिहिले जाते आणि किती लवकर, हे पाहायचे. निरोगी खाडीत ऑक्टोबरला किडे, डिसेंबरपर्यंत शिंपल्यांची पिले, मार्च-एप्रिलपर्यंत खोल बिळे करणारे मोठे जीव, अशी वस्ती भरत जायला हवी. वस्ती एप्रिलमध्येही ऑक्टोबरच्या पायरीवरच अडकली असेल, तर पावसाला दोष देता येत नाही. रुग्णाला ताप आला यापेक्षा तो उतरायला किती दिवस लागले यावरून डॉक्टरला जास्त कळते, तसेच हे.

आणि नेमके हेच आपले नियम पाहत नाहीत. प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनात तळवासी जीवांचे प्रकरण असते. ग्रॅबने चिखल उचलून मोजणीही होते. पण २००६ च्या अधिसूचनेनुसार पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती पुरते. एका ऋतूत काढलेला तो फोटो. कोकणातल्या खाडीचे वर्ष ज्याच्याभोवती फिरते तो पावसाळाच वगळायचा, आणि मग प्रकल्प झाल्यावर दहा वर्षांनी कुणी तक्रार केली तर तुलना कशाशी करायची?

आता ताटातला प्रश्न. गाळून खाणारा शिंपला पाण्यातले अन्न साठवतो तसे बाकीचेही साठवतो. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये काही आठवड्यांत सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस-ए ही कावीळ झाली. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या, मैलापाण्याने दूषित झालेल्या चिखलातून काढलेले शिंपले हे तिचे कारण होते. तिथे ते उकळत्या पाण्यात जेमतेम बुचकळून खाण्याची रीत होती. कोकणी स्वयंपाकात तसे होत नाही, एकशिपी चांगली शिजते, हा दिलासा आहे. तरी एक गोष्ट माहीत असावी: शिंपला उघडला म्हणजे आतला विषाणू मेला असे नव्हे. त्यासाठी मांसाच्या गाभ्यापर्यंत ९० अंश सेल्सिअस तापमान दीड मिनिट टिकावे लागते, म्हणून तोंडे उघडल्यावरही रस्सा चांगला उकळू द्यावा. जड धातूंवर मात्र चुलीचा उपाय नाही. उल्हास खाडीच्या गाळात पारा साठल्याचे एनआयओच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. क्लोर-अल्कली कारखान्यांनी पाऱ्याची जुनी पद्धत सोडली तरी गाळात बसलेला पारा तिथून आपोआप उठून जात नाही. पाण्याची बाटली स्वच्छ येते, चिखलाची आठवण राहते.

युरोपात शिंपले काढण्याच्या जागांचे अ, ब, क असे वर्ग असतात, आणि ते ठरतात शिंपल्याच्या मांसातल्या ई-कोलाय जिवाणूंवरून. १०० ग्रॅममध्ये साधारण २३० पर्यंत असतील तर माल थेट बाजारात. ४,६०० पर्यंत असतील तर आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायचा. त्याहून जास्त असतील तर बरेच आठवडे दुसऱ्या, चांगल्या पाण्यात हलवायचा. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत धातू आणि जिवाणूंच्या मर्यादा आहेत. पण मासळीबाजारात वाट्यावर विकल्या जाणाऱ्या तिसऱ्या कुठल्या खाडीच्या, हे विकणारीला माहीत असते आणि विकत घेणाऱ्याने विचारले तरच कळते. मर्यादा पदार्थाला आहे, जागेला नाही. गावाच्या गटाराच्या तोंडाशी काढलेला वाटा आणि दोन किलोमीटर खाली काढलेला वाटा शेजारी शेजारी, एकाच भावाने विकला जातो.

खर्च आणि माणसे कुठून आणायची, हा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. बाटलीची तपासणी काही दिवसांत होते. एका ग्रॅबमधल्या चिखलातले किडे सूक्ष्मदर्शकाखाली निवडायला आणि ओळखायला आठवडा जाऊ शकतो. पॉलिकीटची जात ओळखू शकणारी माणसे देशात कमी आहेत. पण दर वेळी जातीपर्यंत जायची गरजही नाही. पुष्कळदा कुळापर्यंतची ओळख बदल टिपायला पुरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोड्या पाण्याच्या नद्यांसाठी तळवासी जीवांवर आधारलेले निकष पूर्वीच तयार केले आहेत, त्यातही कुळावरूनच गुण दिले जातात. म्हणजे कल्पना परकी नाही. ती खाडीच्या तोंडाशी येऊन थांबली आहे, एवढेच. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण-गोव्यात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये पुष्कळ आहेत. परीक्षेसाठी बाटलीतला जुना नमुना ओळखण्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्याच खाडीतला ताजा चिखल चाळला, तर अभ्यासक्रम बुडणार नाही.

केरळमध्ये अष्टमुडी सरोवरात मच्छीमार आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांनी मिळून शिंपल्यांचे साठे मोजले. प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिथे शिंपले काढणे बंद ठेवतात. जाळ्याच्या आसालाही मर्यादा घातली. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतात पहिलेच. तिथे मोजणाऱ्यांत शिंपले काढणारेही होते, हे विसरू नये. कोकणातल्या बायकांना अशा बैठकीला बोलावायचे तर ती ओहोटीच्या वेळेला ठेवून चालणार नाही.

प्रत्येक खाडीत मुखाशी, मध्ये आणि वरच्या अंगाला अशा तीन जागा. मेमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा आणि एप्रिलच्या सुरुवातीला एकदा. दर वेळी त्याच जागी, त्याच चाळणीने. त्याबरोबर तिथल्याच शिंपल्यांच्या मांसाची तपासणी, आणि निकाल पंचायतीच्या फळ्यावर मराठी-कोंकणीत. पहिल्या वर्षाचे आकडे एकटे फारसे काही सांगणार नाहीत. चौथ्या-पाचव्या वर्षापासून ते बोलायला लागतील.